आजी, आत्या, आता आतेबहीण... रक्ततपासणी आधी कुणाची करायची?

जाईजुई

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते. आज लिहायला बसलेय, कारण घरात या विषयावर तोंड उघडायला कुणी तयार नाही.

आम्ही सोलापूरच्या बाळीवेशीतले. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, 1989 साली गेली. "पोटात पाणी झालं" एवढंच घरात सांगतात. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती तिने. आत्या 2004 साली गेली. छातीत गाठ, वय 38. आणि यंदा दिवाळीच्या तोंडावर आत्याच्या मुलीला गाठ निघाली. ती 41 ची आहे. मुंबईला दाखवलं, तिथे तिची जनुकीय तपासणी केली, आणि बीआरसीए 1 नावाच्या जनुकात दोष सापडला. रक्ताच्या नातेवाइकांनी समुपदेशन घेऊन तपासणी करावी असं रिपोर्टच्या खाली लिहिलंय. तिने तो रिपोर्ट मला व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि एकच ओळ लिहिली, "हे मामाला दाखव."

तिचा मामा म्हणजे माझे बाबा. मी नवी पेठेतून प्रिंट काढून आणली. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचली, घडी घातली आणि लाइटबिलांच्या फाइलीत ठेवून दिली. त्यानंतर महिना झाला, एक शब्द नाही.

आम्ही तिघी बहिणी. मी 35, मधली 32, धाकटी 27. धाकटीला स्थळं यायलेत, म्हणून आई म्हणते आत्ता हे कागद बाहेर काढू नकोस. काही वर्षांपूर्वी मी एका डॉक्टरांना आत्याबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, बापाकडचं धरायचं नसतं, आईकडे कुणाला आहे का ते सांगा. आईकडे कुणालाच नाही, म्हणून मी निर्धास्त होते.

आता कळत नाही. हे रक्तातच असेल तर कॅन्सर होणारच का? तपासणी करायची तर आधी कुणाची? आणि लग्न होईपर्यंत थांबलं तर चालेल का?

कुमठा_नाका

वाचून वाईट वाटलं ताई. आतेबहिणीची ट्रीटमेंट नीट चालू आहे ना? पेशीवाचक इथे असतात, ते याच कामातले आहेत. बघतील तेव्हा लिहितीलच.

पेशीवाचक

मी पुण्यात जनुकीय प्रयोगशाळेत काम करतो, पण वाढलो सोलापुरात, पूर्व भागात. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचाराचा सल्ला देणार नाही. जे रोज हाताखालून जातं तेवढंच सांगतो.

सगळ्यात आधी, "बापाकडचं धरायचं नसतं" हे साफ चूक आहे आणि या एका वाक्याने फार नुकसान होतं. बीआरसीए 1 हे जनुक 17 व्या गुणसूत्रावर आहे. ही जोडी प्रत्येकाला असते, एक आईकडून, एक वडिलांकडून. पुरुषाच्या शरीरात तो दोष गुपचूप बसून राहतो, कारण त्याला अंडाशय नाही आणि स्तनाचा कॅन्सर पुरुषात क्वचित होतो. पण मुलीला देताना तो आईइतकाच देतो, दोनात एक. तुमच्या घरात आजी, आत्या, आतेबहीण अशी रांग दिसते आणि बाबा निरोगी दिसतात, ते यामुळे असू शकतं. आजीचं "पोटात पाणी" हेही माझ्या कानाला अंडाशयाचं वाटतं. त्या काळी बाईचं पोट फुगलं की पाणी काढायचे आणि घरी पाठवायचे.

दुसरी गोष्ट शब्दांची. आपण "जनुकीय" आणि "आनुवंशिक" एकाच अर्थाने वापरतो, तिथे गोंधळ सुरू होतो. कॅन्सर म्हणाल तर सगळेच जनुकीय. कुठल्यातरी एका पेशीतल्या जनुकांत एकामागून एक बिघाड साठत जातात आणि ती पेशी कुणाचं ऐकेनाशी होते. पण हे बिघाड बहुतेक वेळा त्या माणसाच्या आयुष्यात, त्या एका पेशीत झालेले असतात. ते मुलाबाळांत जात नाहीत. जन्मतःच आईबापाकडून आलेल्या बदलामुळे होणारे, म्हणजे खऱ्या अर्थाने आनुवंशिक कॅन्सर, शंभरात 5 ते 10 च. तुमचं घर त्या पाच-दहांतलं आहे.

आता तुमचा प्रश्न, होणारच का? नाही. वारशात कॅन्सर येत नाही, मोडका ब्रेक येतो. बीआरसीए 1 चं काम डीएनएचे तुटलेले धागे बिनचूक जोडायचं. तुमच्याकडे त्याच्या दोन प्रती असतात. एक जन्मतः खराब असली तरी दुसरी काम निभावते. आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीत ती दुसरीही गेली की मग दुरुस्ती थांबते आणि चुका साठायला लागतात. अल्फ्रेड नुडसन यांनी 1971 मध्ये लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरवरून हे "दोन घाव" मांडले. ज्या मुलांना एक घाव वारशाने मिळालेला असतो त्यांना आजार लवकर होतो, बरेचदा दोन्ही डोळ्यांना. बाकीच्यांना दोन्ही घाव एकाच पेशीत योगायोगाने बसावे लागतात, म्हणून उशिरा आणि एकाच डोळ्याला. तुमच्या घरात 38 आणि 41 ही वयं का आहेत, त्याचं उत्तर यातच आहे.

पाश्चात्त्य देशांतल्या मोठ्या अभ्यासांनुसार बीआरसीए 1 चा दोष असलेल्या शंभर बायकांपैकी साधारण 60 ते 70 जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा आणि 40 च्या आसपास जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो. आकडा मोठा आहे, लपवत नाही. पण उरलेल्या जणींना होत नाही, हेही तितकंच खरं.

यंत्रमाग

वडील चादरीच्या कारखान्यात होते, मीही दहा वर्षं मागावर काढली. हे वाचताना मला जॅकार्ड दिसायलंय. चादरीवरचा मोर, वेलबुट्टी सगळी त्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर असते. भोक असेल तिथला धागा उचलायचा, नसेल तिथला खाली राहायचा. एका पुठ्ठ्यावर एक भोक चुकीचं पडलं की मोराच्या मानेत एक टाका चुकतो, आणि एका चादरीत नाही, पुठ्ठा बदलेपर्यंत प्रत्येक चादरीत. म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, तो हाच ना?

पण माझा प्रश्न वेगळा आहे. शरीरातल्या सगळ्या पेशींत तोच डीएनए असतो म्हणतात. मग डोळ्याची पेशी डोळा आणि कातडीची पेशी कातडी कशी होते?

पेशीवाचक

यंत्रमाग, तुमचा दाखला मी आता माझ्या शिकाऊ पोरांना सांगणार. आणि तुमच्या प्रश्नात या विषयाचा अर्धा भाग आहे, ज्याबद्दल लोक बोलतच नाहीत.

असं धरा की कारखान्यातल्या प्रत्येक मागाला सगळ्या डिझाइनचे सगळे पुठ्ठे दिलेत, मोर, हत्ती, कमळ, सगळे. पण एका मागावर मोराचाच संच चढवलाय, बाकीचे बांधून ठेवलेत. कुठला संच कधी चढवायचा, किती वेळ चालवायचा, कधी उतरवायचा, हे ठरवणारी व्यवस्था म्हणजे जनुकांचं नियमन. जनुकाच्या आधी डीएनएचा एक तुकडा असतो, तो बटणासारखा. त्यावर प्रथिनं येऊन बसली की जनुक चालू होतं. काही ठिकाणी डीएनएवर मिथाइल नावाचा रासायनिक शिक्का बसतो आणि जनुक बंद पडतं.

तेव्हा बिघाड दोन तऱ्हांनी होतो. एक, पुठ्ठ्यावरचं भोकच चुकलं. दोन, पुठ्ठे सगळे बरोबर, पण चढवणारा चुकला. दुसऱ्या तऱ्हेचं ठळक उदाहरण बर्किट लिम्फोमा, हा पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. पेशीला वाढायला सांगणारं मिक नावाचं जनुक आठव्या गुणसूत्रावर असतं. या आजारात बहुतेक वेळा आठवं आणि चौदावं गुणसूत्र तुटून एकमेकांना जोडली जातात, आणि मिक जाऊन बसतं प्रतिपिंडं बनवणाऱ्या जनुकाच्या शेजारी. पांढऱ्या पेशीत प्रतिपिंडांचं बटण कायम चालू. त्याच्या शेजारी बसल्यामुळे मिकसुद्धा कायम चालू. मिकचा मजकूर शाबूत असला तरी कॅन्सर होऊ शकतो, जागा बदलल्यामुळे.

बीआरसीए 1 च्या बाबतीतही हे दिसतं. ज्यांच्या घरात कुणालाच नव्हतं अशा काही रुग्णांच्या गाठीत हे जनुक अक्षरशः जसंच्या तसं असतं, पण त्याच्या बटणावर मिथाइलचे शिक्के बसून ते बंद झालेलं असतं. परिणाम तोच, दुरुस्ती ठप्प.

मंगळवेढा_ज्वारी

जनुकीय म्हणजे आनुवंशिक नव्हे, हे आम्हाला 2011 साली कुणी सांगायला हवं होतं. वडिलांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला. रिपोर्टवर "फिलाडेल्फिया गुणसूत्र" वाचलं आणि भावाचं ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलीकडचे म्हणाले, यांच्या गुणसूत्रातच दोष आहे. आम्हालाही उलट काही बोलता आलं नाही, कारण आम्हालाही तसंच वाटत होतं.

नंतर कळलं की नववं आणि बाविसावं गुणसूत्र वडिलांच्या मज्जेतल्या एका पेशीत तुटून उलटसुलट जोडलं गेलं होतं. बाकी सगळ्या शरीरातली गुणसूत्रं चांगली. मुलांना यायचा प्रश्नच नाही. त्या जोडणीतून एक नवंच प्रथिन तयार होतं, ते पेशीला सतत "वाढ, वाढ" सांगत राहतं. 1960 साली ते गुणसूत्र पहिल्यांदा दिसलं आणि 2001 साली नेमकं त्या प्रथिनाला गप्प करणारी गोळी आली, इमॅटिनिब. वडील रोज रात्री जेवून 400 मिलिग्रॅमची एक गोळी घेतात. आपल्याकडे जेनेरिक मिळते म्हणून परवडते. 2013 साली सुप्रीम कोर्टाने त्या औषधाच्या पेटंटचा अर्ज फेटाळला ती बातमी मी कापून ठेवलीय. वडील आज 71 चे आहेत, शेतावर जातात.

भवानी_पेठ

मी कधी लिहीत नाही इथे. पण आज लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे मामाशी लग्न ही रीतच आहे. माझं लग्न सख्ख्या मामाशी झालं. मुलगा झाला तेव्हा छान गुटगुटीत होता. सातव्या महिन्यात त्याच्या तळहातांचा रंग उतरला. मी रोज संध्याकाळी खिडकीपाशी नेऊन त्याचा तळहात माझ्या तळहाताशेजारी धरून बघायची. सासू, म्हणजे माझी आजीच, म्हणायची दृष्ट लागली. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन तपासलं, 4 आलं. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो. आता तो बारा वर्षांचा आहे.

आमच्या दोघांचं रक्त लग्नाआधी कुणी तपासलं असतं तर कळलं असतं. साधी तपासणी असते, हिमोग्लोबिन ए 2 ची. वाहक, म्हणजे एकच खराब प्रत असलेल्या माणसाला काहीच त्रास नसतो, फार तर जरा फिकट दिसतो. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक. दुसऱ्या वेळी आम्ही अकराव्या आठवड्यात पुण्याला जाऊन वारेतला तुकडा तपासून घेतला. मुलगी झाली, ती फक्त वाहक आहे.

जाईजुई ताई, तुमच्या आईची भीती मला कळते. पण मी न कळता गेले, तुम्हाला कळून जाता येतंय.

पेशीवाचक

ताई, तुम्ही लिहिलंत, फार मोलाचं आहे.

हिशेब असा. भारतात थॅलेसेमियाचे वाहक सरासरी शंभरात 3 ते 4. म्हणजे वाहक मुलाने नात्याबाहेरची मुलगी केली तर तीही वाहक असण्याची शक्यता तेवढीच. पण मामा वाहक असेल तर त्याची बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि भाची वाहक असण्याची चारात एक. शंभरात 3 वरून थेट 25. नात्यातलं लग्न नवा दोष जन्माला घालत नाही, एकाच घरात फिरणारा जुना दोष दोन्ही बाजूंनी एकत्र आणतं. बीआरसीए 1 चं तसं नाही, तिथे धोका वाढायला एकाच बाजूने आलेली खराब प्रत पुरते.

तुम्ही सातव्या महिन्याचं लिहिलंत, त्यामागेही नियमनच आहे. पोटात असताना बाळ गॅमा जनुक वापरून वेगळं, गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बनवतं. जन्मल्यावर हळूहळू गॅमा बंद होतं आणि मोठेपणीचं हिमोग्लोबिन बनवणारं बीटा जनुक चालू होतं. तुमच्या मुलाचं बीटा खराब होतं, पण गॅमा चालू होतं तोवर तो गुटगुटीतच होता. गॅमा मिटत गेलं तसा तळहात उतरला. बीटामधला दोष तरी केवढा? भारतात सर्वांत जास्त सापडणारा बदल डीएनएच्या एका अक्षराचा आहे, जीच्या जागी सी, आणि तोसुद्धा प्रथिनाच्या मजकुरात नाही. वाचताना जो मधला भाग कापून टाकायचा असतो त्यातलं पाचवं अक्षर. ते बदललं की कापायची जागा चुकते.

गॅमा बंद करणारा मुख्य हात म्हणजे बीसीएल 11 ए नावाचं प्रथिन, हे 2008 च्या सुमाराला सिद्ध झालं. मग शास्त्रज्ञांनी विचार केला, बीटा दुरुस्त करण्यापेक्षा गॅमाचं बंद पडलेलं बटण पुन्हा चालू केलं तर? रुग्णाच्याच मज्जेतल्या मूळपेशी काढायच्या, क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या साधनाने बीसीएल 11 ए चं रक्तपेशींतलं बटण कापायचं आणि पेशी परत द्यायच्या. त्या उपचाराला 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने पहिली मंजुरी दिली. अमेरिकेत 2023 साली किंमत 22 लाख डॉलर ठरली, आपल्या कुणाच्याच आवाक्यातली नाही. पण मुलगा बारा वर्षांचा आहे. बहिणीशी त्याचं एचएलए, म्हणजे मज्जा देण्यासाठी जुळावा लागतो तो पेशींचा प्रकार, जुळतं का, हे तपासलंय का? वाहक बहीणसुद्धा मज्जा देऊ शकते.

भवानी_पेठ

नाही तपासलं. वाहक आहे म्हणून चालणार नाही असंच आम्ही धरून बसलो होतो. पुढच्या रक्ताच्या तारखेला विचारते.

बार्शीलाईट

आमच्या जिल्ह्याचं एक काम इथे नोंदवायला हवं. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी बार्शीत 1987 साली सुरू झाली. गावोगाव जाऊन कुणाला काय झालं हे लिहून घेणारी माणसं होती. पुढे शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, सव्वा लाखाहून जास्त बायकांना घेऊन मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या आणि बार्शीच्या लोकांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर अभ्यास केला. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची आयुष्यात एकदाच केलेली तपासणीसुद्धा त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे 2009 साली त्यातून जगाला कळलं. ज्वारीच्या रानातल्या बायकांनी दिलेलं उत्तर आहे ते.

तो विषाणूही पेशीवाचकांच्या ब्रेकवरच हात घालतो. त्याचं एक प्रथिन पेशीची बेफाम वाढ रोखणारं पी 53 नष्ट करतं आणि दुसरं प्रथिन, नुडसन यांनी अभ्यासलेल्या डोळ्याच्या कॅन्सरमधला ब्रेक, आरबी, निकामी करतं. जनुकं शाबूत, पण त्यांची प्रथिनं कामातून गेलेली. म्हणून ज्यांच्या घरात "कुणालाच नाही" त्यांनीही निवांत बसू नये. माझी आजी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची, घरभर तो जळका वास असायचा, आणि आम्हा पोरांच्या दातांनाही लावायची. तिला तोंडाचा झाला. तो वारसा रक्तातून आलेला नव्हता, त्या तव्यावरून आलेला होता.

तात्या_अक्कलकोट

सगळं शास्त्र मान्य. पण व्यवहार बघा की ओ. धाकट्या पोरीचं लग्न होऊ द्या, मग सावकाश करा तपासण्या. हे एकदा पाहुण्यांत फुटलं की तिघींच्या नावाला लागतं. ती 27 ची आहे, दोन वर्षांनी काय आभाळ कोसळणार आहे?

पेशीवाचक

तात्या, तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही. मंगळवेढ्याचा अनुभव वरच आहे. पण बीआरसीए 1 चा दोष असलेल्या बाईला साधारण पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय सुचवतात आणि तिशीपासून मॅमोग्राफीही. धाकटी त्या वयात आलेलीच आहे आणि मोठीला थांबायला वेळच नाही. मुलं झाल्यावर 35 ते 40 च्या दरम्यान अंडाशय काढण्याचा सल्ला देतात, कारण अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणी अजून नाही. आणि रिपोर्ट गोपनीय असतो. पाहुण्यांना सांगायचा की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. घरातल्या घरात लपवणं मात्र वेगळं.

जाईजुई, आधी कुणाची, याचं उत्तर सोपं आहे. आधी बाबांची. आतेबहिणीत नेमका कुठला बदल आहे हे माहीत आहे, त्यामुळे पूर्ण जनुक वाचायची गरज नाही, तेवढं एक ठिकाण बघायचं. खर्च बराच कमी येतो. बाबांमध्ये तो नसेल तर तुम्हा तिघींचा या दोषाशी संबंध संपला, कुणाचंच रक्त काढायला नको. असेल तर तिघींना प्रत्येकी दोनात एक. आतेबहिणीचा मूळ रिपोर्ट बरोबर न्या, नुसतं "बीआरसीए पॉझिटिव्ह" सांगून चालत नाही. आणि तिला सांगा, या दोषामुळेच तिच्या गाठीवर ओलापॅरिबसारखी औषधं चालण्याची शक्यता असते. तिच्या डॉक्टरांना विचारू दे.

तात्या_अक्कलकोट

फक्त बापाचं रक्त आधी, हे मला माहीत नव्हतं. मग करा. त्यात पोरींचं नाव कुठे येत नाही.

जाईजुई

सगळ्यांचे आभार. सव्वा महिन्याने लिहितेय.

हा धागा मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. भवानी पेठेतल्या ताईंचा प्रतिसाद आला तेव्हा ते उठून गॅलरीत गेले. परत आले आणि म्हणाले, "म्हणजे आईचं मी तुम्हाला दिलं?" मी म्हटलं, आजीने तुम्हाला निवडून दिलं नव्हतं, तुम्हीही आम्हाला निवडून दिलं नसणार. त्यांना ते किती पटलं माहीत नाही. दुसऱ्या दिवशी फाइलीतून कागद काढला.

समुपदेशक बाईंनी आमच्या घराचं चित्र काढलं. पुरुष चौकोन, बाई गोल, आजार झालेला असेल तर आतून काळा, गेलेल्यांवर तिरकी रेघ. आजीच्या बहिणींचं त्यांनी विचारलं तेव्हा बाबांना नावंही आठवेनात. मग आम्ही घरी येऊन त्यांच्या लग्नाची आहेराची वही काढली. कुणी काय दिलं याच्या निमित्ताने अख्खं गोत त्यात लिहिलेलं आहे, स्टीलचा डबा, पाच रुपये, चोळखण. त्यातून विजापूरची एक मावशी सापडली, आजीची धाकटी बहीण. तीही "पोटाच्या आजाराने" गेलेली.

बाबांचा रिपोर्ट परवा आला. दोष आहे. माझं आणि मधलीचं रक्त काल दिलं. धाकटीने समुपदेशकांशी स्वतंत्र बोलायचं ठरवलंय, तो तिचा निर्णय आहे आणि आईनेही त्यावर काही म्हटलं नाही.

आज सकाळपासून बाबा ती वही मांडीवर घेऊन बसलेत. विजापूरच्या मावशीच्या मुलाला पहिला फोन लावला. चाळीस वर्षांत त्याच्याशी बोलणं नव्हतं. आधी पाऊसपाणी विचारलं, मग आजीचं सांगितलं, मग म्हणाले, "तुझ्या पोरी केवढ्या आहेत रे? एक कागद पाठवतो, डॉक्टरला दाखव." तीन फोन झालेत, नावापुढे पेन्सिलीने बारकी खूण करतात. अजून सहा राहिलेत.